पळताना बॅट का टाकायची?

हॅरो, शनिवार, १६ जून २००७

आज पार्कात माझं हसं झालं. शेजारचे वॉल्टर तरुणपणी अमेरिकेत पगारी बेसबॉल खेळायचे. बायको इथली, इंग्रज, म्हणून म्हातारपणी हॅरोला आले. ऑफिसातल्या आम्हा चौघांना ते बेसबॉल शिकवत होते. फटका मारून पळत गाठायचा पहिला बेस म्हणजे गवतावर ठेवलेला माझा जम्पर, म्हणजे स्वेटर. मी बॉल मारला आणि बॅट घेऊनच पळालो! वर जम्परपाशी वाकून ती टेकवलीसुद्धा. सवय, दुसरं काय.

"अरे, टाक ती बॅट! पळताना कशाला हवी?" वॉल्टर ओरडले.

म्हटलं, "क्रिकेटमध्ये बॅट आमच्या आधी पोचते. आऊट झालो तरी काखेत घेऊनच परततो."

हसतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातली बॅट घेतली. मग म्हणाले, सगळी उमर छोट्या गावांच्या टीमबरोबर बसने फिरण्यात गेली. मोठ्या लीगमध्ये बोलावणं आलं ते एकाच मॅचपुरतं. त्यात एक फटका मस्त बसला. "बॅट टाकून पळालो. परत येईपर्यंत कुणीतरी उचलून नेली होती."

बस्, एवढंच. ना राग, ना रड. पण ती बॅट शोधली का नाही त्यांनी? की शोधली, आणि मिळाली नाही? मी विचारलंच नाही. मठ्ठ!

जम्पर विसरला म्हणून परत गेलो. पार्क रिकामं. वॉल्टर एकटेच गुडघे सांभाळत पळत होते, हातात बॅट. जम्परपाशी पोचले, वाकले, आणि हळूच टेकवली.

जम्पर तिथेच ठेवून आलो.