दोघं मिळून पोचतात

३ नोव्हेंबर
मीटिंगमध्ये संतोषला व्यसनमुक्ती केंद्रातून काढायचं निघालं. सिलतऱ्याच्या कारखान्यात उंचावरून पडला, डोक्याला मार. दारू आधीपासून होतीच, त्यानंतर वाढली. तक्रार एकच, गटाच्या बैठकीला येत नाही. येशील ना विचारलं की "हव दीदी" म्हणतो आणि पुन्हा गायब. साहेब म्हणे बदमाश आहे. मी म्हटलं, विसरतो. तर म्हणे, दारूचं दुकान बरं नाही विसरत! महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली.

४ नोव्हें.
संतोषच्या मागे मागे फिरले. बैठकीची घंटा झाली तसा लगेच उठला. जिन्यात आला, खिडकीतून अंगणात बिजौरीच्या वड्या वाळत घालणाऱ्या बाया दिसल्या. गेला मदतीला. बैठक डोक्यातून साफ. खोटेपणा कुठेच नाही.
साहेबांना सांगायचं: दुकानाची वाट जुनी, पायात बसलेली. बैठक नवी.

७ नोव्हें.
गजाननराव. अकोल्याकडचे, रेल्वेतून रिटायर. मोटरसायकलवरून पडले, तीच डोक्याची इजा, तीच दारू. पण सगळं उलटं. कोणाचा चहा बिनसाखरेचा, हेसुद्धा पाठ. फक्त स्वतःहून उठणं होत नाही. बसले की बसले. त्यांचा मुलगा त्यांना आळशी म्हणतो. मी विचारलं, काका, काहून बसून राहता? म्हणाले, "उठाचं तं असते पोरी. सुरूच नाही होत."
त्यांची खाट संतोषशेजारी हलवली. साहेब हसले. हसू देत.

८ नोव्हें.
दोघं दिवसभर बोलले नाहीत. एकाची छत्तीसगढी, दुसऱ्याची वऱ्हाडी... बघू.

१० नोव्हें.
घंटा. संतोष उठला, "चल कका." आणि काका उठले! जिन्यात संतोष अडला, विचारतो, "कहाँ जाना हे?"
"बैठकीले."
पोचले. वेळेवर. मी कँटीनमध्ये जाऊन दोन समोसे खाल्ले, आनंदात.

१७ नोव्हें.
रोज पोचताहेत. आज संतोष बैठकीत पहिल्यांदा बोलला. पडल्यानंतर घरचे त्याला एकेक गोष्ट आठवण करून द्यायचे, त्याची लाज वाटायची; प्यायला की लाज जायची. पुढचं वाक्य विसरला. काय सांगत होता, ते गजाननरावांनी शांतपणे आठवून दिलं. या वेळी संतोषला लाज वाटली नाही.

२३ नोव्हें.
संतोषला घरी नेऊन आणलं, गुढियारीला. काका सोबत, मी थोडी मागे. शहर राजधानी झाल्यापासून सगळे रस्ते खोदलेले, ओळखीच्या खुणा गेलेल्या. दारूचं दुकान तेवढं जागच्या जागी. संतोषचे पाय वळलेच. काका म्हणाले, "घर तिकडं हाय. पोट्टी वाट पाहून राहिली." तो वळला, चालू लागला.
आणि काकाच थांबले. नजर दुकानावर. मी पुढे होणार, तेवढ्यात संतोष परत आला. काका कशासाठी थांबले, हे त्याला ठाऊकही नसावं. हात धरला, "चल कका."
घरी त्याच्या बायकोनं तांदळाचा वाफवलेला गरम फरा वाढला. पोरगी दोघांच्या मधे बसून खात होती. बायको मला म्हणाली, इतकं हसताना ह्याला पडल्यापासून पाहिलं नव्हतं. परत येताना मीच गाणं म्हणत होते.

३० नोव्हें.
मुदत संपली. संतोष राहतोय. साहेबांनी विचारलं, आणखी कोणाच्या खाटा हलवायच्या का? (!!)

५ डिसेंबर
काकांचा मुलगा नागपूरहून आला, न्यायला. इथले उपचार संपले, आता घरी चला म्हणाला. संतोष बाजूलाच, तिसऱ्यांदा त्याला नमस्कार केला.
मुलगा मला इथलीच समजून हिंदीत बोलत होता, की वडिलांना सांभाळायला घरी माणसं आहेत, इथं कोण? खरंच आहे. तेवढ्यात काका उठले. कोणी म्हटलं नव्हतं. मुलाजवळ जाऊन उभे राहिले. "गुढियारीत संतोषजवळ खोली पाहू. मले इथंच राहू दे."
मुलगा मला म्हणाला, सोचता हूँ।
संध्याकाळची परतीची गाडी मात्र त्यानं जाऊ दिली. आता तिघं अंगणात चहा पीत बसलेत.