शेवटची गाडी येईपर्यंत

जहाजावरून,
शनिवार, ८ जून

प्रिय आई,

पायाची सूज उतरली का? डॉक्टरांनी पाय उशीवर ठेवायला सांगितलाय आणि तुम्ही ती उशी पाठीशी घेऊन बसला असाल, मला काय माहीत नाही होय!

निघताना तुम्ही बजावलं होतंत की फोन करून डोकं उठवू नका, पत्र लिहा, आणि त्यात देखावे नकोत. म्हणालात, "डोंगर मी पुष्कळ पाहिलेत, काय खाल्लंत आणि कोण कुणाशी भांडलं तेवढं लिहा." तर खाण्याचं आधी. जहाजावर सकाळी सॉसेज, अंडी, बीन्स, सगळं ताट भरून मिळालं. मग बिस्केचा समुद्र असा काही उसळला की आमच्या निम्म्या मोटारसायकल क्लबने ते ताट परत केलं. मी नाही केलं. दुसऱ्यांदा टोस्ट मागून घेतला तेव्हा वाढणारा पोरगा माझ्याकडे जरा घाबरूनच बघत होता.

भांडण एकच झालं. जेगो आमचा म्होरक्या, तो पूर्वी बस चालवायचा तो. त्याने यंदा बायकोला, हेदरला, मागच्या सीटवर आणलंय, आणि तिने केस वाळवायचं यंत्र आणलंय. प्लिमथच्या धक्क्यावर, सगळ्यांसमोर जेगो ओरडला, "मोटारसायकलवर हे? बाई, सहलीला निघालीस की नांदायला?" ती म्हणाली, "तुझे पाने आणि पकडी चालतात, दोन पिशव्या भरून. माझं एवढंसं यंत्र जड झालं!" शेवटी ते यंत्र डेंझिलच्या गाडीच्या डब्यात गेलं. तुमच्या लेकाला नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या क्लबला ठाऊक आहे.

गाड्या जहाजाच्या तळाशी पट्ट्यांनी आवळून ठेवल्यात. माझीही डेंझिलनेच बांधली. मी बांधते म्हटलं तर म्हणाला, "राहू दे, मी करतो." केबिन गेल्या उन्हाळ्यातच दोघांच्या नावावर घेऊन ठेवली होती, म्हणून एकच आहे. चार बंक आहेत. मी खिडकीकडचा घेतला, त्याने दाराकडचा. मधल्या दोनांवर हेल्मेटं आणि जाकिटं झोपली.

काल जेवताना डेंझिलने मला एक प्रश्न विचारलाय. परतीच्या जहाजात चढायच्या आत उत्तर देते असं कबूल केलंय. प्रश्न काय ते आज लिहीत नाही. तुम्ही ताबडतोब फोन कराल, आणि फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, मग मला अख्ख्या जहाजाला ऐकू जाईल इतकं ओरडावं लागेल.

औषधं वेळेवर घ्या.

दोघांकडून,
मॉरवेना


पोतेस, स्पेन,
मंगळवार, ११ जून

प्रिय आई,

इथे काबुली चण्यांचा रस्सा मिळतो. आधी त्यात शेवया घालून वाढतात, मग चणे आणि कोबी, मग मांस. जेगोला वाटलं शेवया म्हणजेच जेवण, त्याने तीनदा घेतल्या. पुढचं आलं तेव्हा हात वर केले. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण संपवल्याशिवाय उठायचं नाही हे त्याला बरोबर कळलं. तुमची आठवण झाली.

मला यंदा पिवळं जाकीट दिलंय. म्हणजे मी सगळ्यांच्या मागे. तुमच्या वेळी तुम्ही साइडकारमध्ये नकाशा मांडीवर घेऊन बसायचात, आमच्याकडे नकाशा फक्त जेगोकडे. जिथे वळायचं असेल तिथे त्याच्या पाठचा गडी थांबतो आणि हाताने वाट दाखवत उभा राहतो. सगळे पुढे जातात. पिवळं जाकीट दिसलं, की मगच त्याने तिथून हलायचं. पुढच्या वळणावर दुसरा थांबतो. यात कुणी हरवत नाही. फक्त कोपरा सोडायचा नाही, हा एकच नियम. दारू पिऊन भांडलेलं क्लबात चालतं, कोपरा सोडलेला चालत नाही. एका डेंटिस्टने सोडला होता, त्याला आम्ही अजून ख्रिसमसच्या जेवणाला बोलवत नाही.

मागे राहून बरं वाटतं. कुणी घाई करत नाही. प्रत्येक वळणावर कुणीतरी माझी वाट बघत असतो आणि मला पाहून खूश होतो. घरी असं फारसं झालेलं नाही.

आता तो प्रश्न. दोन दिवस टाळला. डेंझिलने विचारलं, "मी घरी परत येऊ का?"

परत म्हणजे काय, गेला कुठे होता, असं तुम्ही विचाराल. फेब्रुवारीपासून तो लिस्कर्डला राहतो, एका गॅरेजच्या वरच्या खोलीत. दुसरी बाई नाही, दारू नाही, काही नाही. मी वाटाणे सोलत होते, तो सिंकची मोरी साफ करत होता, आणि तसंच पाठमोरं म्हणाला, "मला जरा एकट्याने राहून बघायचंय." मी म्हटलं, "जेवून जा." तो जेवला, भांडी धुतली, आणि गेला.

तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. तुमचं तेव्हाच दुखणं निघालं होतं, हे निमित्त. म्हणून दर रविवारी आम्ही टोरपॉइंटच्या पेट्रोल पंपावर भेटतो आणि तिथून दोन गाड्या मिळून तुमच्या वृद्धाश्रमापर्यंत येतो. येताना मी पुढे, जाताना तो पुढे. पंपावर परत निरोप. तिथल्या मुलीला वाटतं आमचं काहीतरी लफडं आहे. ती मला डोळा मारते.

हसायचं तर हसा. मला तेव्हा हसू आलं नाही.

मी हो म्हणायच्या बेतात आहे. रागाचं म्हणाल तर राग फार नव्हताच, आणि होता तोही विझला. घर मोठं आहे. शिवाय तो आला की तुमच्याशी खोटं बोलायचं संपेल, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवऱ्याला घरात घ्यायला हे काही फार चांगलं कारण नाही, मला कळतं. पण आई, याहून कमी कारणावर लोक तीस-तीस वर्षं एकत्र राहिलेत.

हे पत्र टाकू की नको असं करत पाकीट तीनदा उघडलं. आता डिंक उरला नाही, तेव्हा टाकतेच.

मॉरवेना


ब्रागांसा, पोर्तुगाल,
शुक्रवार, १४ जून

प्रिय आई,

आधीचं पत्र पोचलं की नाही कोण जाणे. तुमचा फोन आला नाही. म्हणजे टपाल तरी हळू आहे, नाहीतर तुम्ही तरी रागावला आहात. मी टपालाला दोष देऊन झोपते.

काल काय झालं ते सांगते, कारण उत्तर त्यातच आहे.

आमच्यात रॉयस्टन म्हणून एक नवा आहे. गाडी थोराड आणि पाय आखूड. सरहद्दीच्या अलीकडे एका खेड्यात पाणी प्यायला थांबला, पाय खडीवर घसरला, आणि गाडी सावकाश आडवी झाली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण क्लचचा दांडा मोडला. मी शेवटची, मला थांबणं भाग होतं. मेकॅनिक गावात होता, जेवायला गेला होता. शेजारच्या बारमधल्या बाईंना मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, त्या म्हणाल्या, "येईल की! जेवेल, मग झोपेल, मग येईल. तुम्हाला कुठे जायचंय एवढं?" मी म्हटलं पोर्तुगालला. त्या म्हणाल्या, "ते कुठे पळून चाललंय?" आणि समोर बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट ठेवलं.

मी जेगोला फोन केला. पुढचे सगळे ब्रागांसाला पोचले होते. एक सोडून. सरहद्दीकडच्या फाट्यावर डेंझिल उभा होता, आणि त्याचा फोन बंद. तुम्हाला माहीत आहे, बॅटरी वाचवायला तो फोन बंद करून डब्यात ठेवतो, म्हणजे गरजेला उपयोगी पडेल! जेगो म्हणाला, "मी परत जाऊन त्याला सांगतो." मी म्हटलं, "नको, तू वाट चुकून त्याला आणखी घोळात घालशील. मीच येते आहे." मला वाटलं मेकॅनिक लवकर उठेल.

नाही उठला. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे आम्ही निघालो. फाट्याच्या अलीकडच्या वळणावर मला आधी छत्री दिसली. निळ्या फुलांची, बायकांची. छत्रीखाली तुमचा लेक, अंगात कातडी जाकीट, गळ्यापर्यंत बंद. तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल. पाठीमागे ओकचं झाड होतं, चांगली गार सावली होती. तिथे एक प्लास्टिकची खुर्ची पण होती. त्याच रस्त्याने शेळ्या घेऊन जाणाऱ्या एका बाईने ती आणून दिली होती, छत्रीही तिचीच.

"आलीस?" म्हणाला.

"आले. सावलीत का नाही बसलास?"

"तिथे बसलो असतो तर तुला रस्त्यावरून दिसलो नसतो."

मी पाणी दिलं. त्याने आधी रॉयस्टनला विचारलं, लागलं नाही ना. मग प्यायला. मग म्हणाला, "मी हललो नाही."

"दिसतंय."

"ती बाई दोनदा खुणेने सांगून गेली, घरी चल म्हणून. नाही हललो."

आई, एवढा मोठा माणूस, फुलाफुलांची छत्री धरून! मला त्याचा अभिमान वाटला, दया आली, हसूही आलं. आणि याच्या पुढचं, बायकोला वाटतं ते, येईल म्हणून मी वाट बघत राहिले, पण ते काही आलं नाही. त्या जागी जेगो असता तर त्याच्याबद्दलही मला एवढंच वाटलं असतं. मी त्याला पुढे हो अशी खूण केली आणि मागून निघाले.

हॉटेलात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेदरच्या डोळ्यांत पाणी. तिने मला जिन्याखाली ओढलं, "अगं, अजून काय हवंय तुला? तुझ्यासाठी बाप्या करपला उन्हात! माझा जेगो माझ्यासाठी दुकानाबाहेर थांबत नाही." क्लबात सगळ्यांना आमचं माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. माहीत नसलेल्या तुम्ही एकट्याच राहिला होतात.

जेवणात डेंझिलला सगळ्यांच्या मधे बसवलं. त्याच्या नाकाला मी दही लावलं. तो लहान मुलासारखा माझ्याकडे बघत होता, आता झालं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. मलाही वाटलं, म्हणून टाकावं हो. शब्द ओठांपर्यंत आला होता.

पण मी विचारलं, "डेंझिल, पिवळं जाकीट रॉयस्टनच्या अंगात असतं, तर थांबला असतास?"

"म्हणजे काय!" तो म्हणाला. "कुणाच्याही अंगात असो. कोपरा आहे तो."

एवढासाही विचार केला नाही हो त्याने. त्याला त्या प्रश्नात काही वाकडं दिसलंच नाही. खोटं बोलला असता, नुसतं 'तू होतीस म्हणून' म्हणाला असता, तर मी आज तुम्हाला वेगळं पत्र लिहीत असते. पण तुम्ही त्याला खोटं बोलायला शिकवलंच नाहीत. तुमच्यासाठी जो खोटेपणा केला तो सगळा माझ्या डोक्यातून निघाला, पंपसुद्धा.

मग मी त्याला बाहेर अंगणात नेलं आणि नाही म्हणून सांगितलं. जे म्हणायचं ते साधंच म्हटलं. की तू शेवटच्या माणसासाठी थांबतोस, ते फार चांगलं आहे, आणि तो शेवटचा माणूस कोण हे तू बघत नाहीस. मला कुणीतरी बघायला हवं होतं. संसारात माझ्याही अंगात ते जाकीटच होतं, आत कोण आहे ते तू पाहिलं नाहीस. त्याने बराच वेळ दही पुसलं. मला वाटलं चिडेल. चिडला नाही. म्हणाला, "मला कळलं नाही नीट, पण तू उगीच म्हणत नसशील." आणि मग त्याला एकदम आठवलं. "आईला कोण सांगणार?"

"मी."

"ती मला फाडून खाईल."

"तुला नाही," मी म्हटलं. "मला."

तो रडला नाही, मी रडले. त्याच्यासाठी नाही. तुमच्यासाठी. तो तुमचा मुलगा आहे, तुम्ही त्याच्या बाजूने राहाल, राहायलाच हवं. काडीमोडानंतर सून कुणाची नसते. माझी स्वतःची आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यानंतर माझे केस विस्कटलेत, मी बारीक झालेय, मी गाडी फार जोरात हाणते, हे मला फक्त तुम्ही सांगितलंत. मला नवऱ्यावाचून राहता येतं, फेब्रुवारीपासून बघून झालंय. तुमच्यावाचून राहायचं मला माहीत नाही, आणि शिकायचंही नाही.

हे पत्र आम्ही पोचायच्या आत पोचेल. रागावायला तुम्हाला दोन-तीन दिवस मिळतील, ते पुरे करा. डेंझिलला रागावू नका, त्याने काही केलेलं नाही, खरंच काही केलेलं नाही. तो शनिवारी येईल. मी रविवारी येईन, थेट, पंपावर न थांबता. भेटायचं नसलं तर नर्सबाईंना सांगून ठेवा, मी बाहेरूनच परत जाईन. पुढच्या रविवारी पुन्हा येईन. त्याच्या पुढच्याही. तुम्ही तरी थकाल, नाहीतर मी तरी.

शेवटी 'तुमची सून' असं लिहिलं होतं. वाचून बघितलं आणि सून तेवढं खोडलं. बाकीचं राहू दिलंय.

तुमची
मॉरवेना