दगडावर वाढलेलं पान

शनि., ८ नोव्हें.
आई येऊन आठवडा झाला. इंटरनॅशनल सिटीतला आमचा फ्लॅट तिला कोंदट वाटतो, ड्रॅगन मार्टचा बाजार मात्र आवडला. सगळ्यांची चौकशी करून झाली, वॉचमनच्या बायकोचीसुद्धा. सुहासचं नाव नाही. माझा धाकटा भाऊ. जबल अलीच्या लेबर कॅम्पमध्ये, खोलीतच, झोपेत गेला. चार वर्षं झाली. पितृपक्षात बाबांचं पान वाढते, त्याचं नाही. मी विषय काढला की कुकर लावायला उठते. आज चिडले. "किती वेळा वरण शिजवशील?" तर म्हणे, "इथली डाळ कच्ची राहते गं." डोकं फिरलं.

रवि., ९ नोव्हें.
लेकीचा, इराचा शाळेचा प्रोजेक्ट, इजिप्त. म्हणून अबुधाबीचं म्युझियम. आईला घरीच ठेवणार होते, पण ती साडी बदलून दारात उभी.

रंगवलेली शवपेटी दिसली आणि आईसाहेबांनी चपला काढल्या. गार्ड बिचारा हसू दाबत, "अम्माजी, चप्पल पहन लो, मंदिर नहीं है." आई, "अंदर मेला हुआ आदमी है ना? फिर?" इरा, "आज्जी, सो एम्बॅरसिंग!"

पुढे एक कोरलेला दगड. खुर्चीवर माणूस, समोर मेजावर पाव, बदक, कांदे. आई थबकली. "ह्याचं पान वाढलंय." पाटीवर काय लिहिलंय ते मी वाचून सांगितलं. येणाऱ्याजाणाऱ्यांनो, माझं नाव घ्या, म्हणजे हे अन्न मला पोचेल.

"आणि नाही घेतलं तर?"

इरा पटकन बोलली, "देन ही विल बी हंग्री, आज्जी."

हंग्री कळतं तिला. बाकावर बसली ती उठेचना. परतताना गाडीत मी उगाच इराला ओरडले. तिची काय चूक.

मंगळ., ११ नोव्हें.
ऑफिसहून आले तर बाल्कनीत केळीचं पान. खालच्या मल्याळी ग्रोसरीतून आई एकटी जाऊन घेऊन आली. भात, वरण, तळलेली सुरमई. "सुहासला काटे काढून द्यावी लागायची," म्हणाली. अगदी सहज. मी खांद्यावरच्या पर्ससकट रडले. ती म्हणे, "रड, पण हळू. शेजारचे घाबरतील."

कावळा कुठला यायला, कबुतरं आली. "चालेल," म्हणाली. मग इराला मामाच्या गोष्टी, झोपेपर्यंत. चार वर्षं मला एवढंच हवं होतं. फार बरं वाटलं.

शुक्र., १४ नोव्हें.
सकाळी चहा पिताना आई, "सुहासची खोली दाखव मला."

म्हटलं, कॅम्पमध्ये बाहेरच्यांना सोडत नाहीत. "बाहेरून बघू. बिल्डिंग तरी." म्हटलं, लांब आहे. "अबुधाबीपेक्षा?"

मग विचारलंच तिनं, "तू बघितलीयस ना?"

नाही. तो होता तेव्हा सुट्टीला तोच आमच्याकडे यायचा. नंतर त्याची बॅग रूममेट घरी देऊन गेला. जबल अलीची कंपनी बस पुढे आली तरी मी लेन बदलते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. वाटलं, आता रागावणार. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "म्हणजे दोघींनाही बघायचीय. उद्या कधी निघायचं?"

अजून उत्तर दिलेलं नाही. आत ती साडीला इस्त्री करतेय.