न कापलेली अकरा मिनिटे

मी, भिकुबाई भ्र. अमृत बोरसे, वय ६२, राहणार चाळीसगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चहा घेतला आहे, चष्मा लावला आहे. कोणाचा धाक नाही, कोणी शिकवलेले नाही. दुखणे हृदयाचे आहे, डोक्याचे नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती अमृत तोताराम बोरसे दि. ९ डिसेंबर २०२१ रोजी याच घरात वारले. मला वारस दोन. मुलगा भूषण, राहणार पुणे, आणि मुलगी रत्ना, नरडाण्यास दिलेली. रत्ना तीन वर्षांपासून माझ्या घरी आलेली नाही. कारण कलम ४ मध्ये आहे.

२. पतींचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. शूटिंग ते करत, मिक्सिंग मी करत असे, म्हणजे तुकडे कापून जोडायचे. मी सातवीपर्यंत शिकले. कॉम्प्युटर स्वतः शिकले, आणि वाचनालयात सिनेमावरची पाच पुस्तके होती ती पाचही वाचली. पाठवणीला नवरीची आई रडली नाही, तर दुसऱ्या लग्नातला त्याच रंगाच्या साडीतला रडका चेहरा मी जोडत असे. एक आत्याबाई अशा चार लग्नांत रडल्या आहेत. कोणी हटकले नाही. नवरीची आईसुद्धा पाहून म्हणायची, "बाई गं, किती रडले मी."

चेहरा एकटा काही सांगत नाही, त्याच्या आधी काय ठेवले त्यावरून लोक ठरवतात. भूषणला हे मीच शिकवले, शेजारी बसवून. त्याचा दोष मी माझ्याकडे घेते. बाकीचा घेत नाही.

३. पतींचा खांद्यावरचा जुना कॅमेरा, स्टँड आणि दोन्ही हॅलोजन झिपरू नानांना द्यावेत. एकोणीस वर्षे त्यांनी आमच्यासाठी दिवा धरला आणि जेवणाच्या पंगतीत कायम शेवटी बसले. त्यांना साक्षीदार करणार होते, पण वकील म्हणाले, ज्याला वस्तू मिळते त्याने साक्षीला बसू नये. मी नानांना विचारले, "काय घेता, सही की स्टँड?" ते म्हणाले, "सहीले कोन इचारस, अक्का. स्टँड द्या."

४. आता भूषणच्या फिल्मविषयी. वडील गेल्यावर वर्षभरात त्याने त्यांच्या शेवटच्या दिवसांवर लहान फिल्म केली. तिला बक्षीस मिळाले. सगळ्या नात्यात ती फोनवरून फिरली. तिच्यात असे दिसते: पाण्याचा पेला पुढे, मोठा आणि स्वच्छ. त्याच्यामागे धूसर माझे पती, पाणी मागत आहेत. मग दारात मी. मी बघते. बघतच राहते. मग रिकामी खाट.

यातला माझा चेहरा पंधरा दिवस आधीचा आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दुधाकडे बघत होते, उतू जाईल म्हणून. दूध वर येताच मी धावले. भूषणने मी धावण्याच्या आधी कापले. कॅमेरा जमिनीलगत ठेवला, म्हणून मी धिप्पाड दिसते. माझी उंची पाच फुटांना एक इंच कमी आहे. पतींच्या गालावर सकाळचा उजेड आहे, माझ्या गालावर दिवाबत्तीच्या वेळचा. दोन्हींवर निळसर रंग चढवून त्याने वेळ एक केली. बक्षीस देणाऱ्यांनाही हे दिसले नाही.

धाकटे दीर रुपचंद माझ्या ओट्यावर उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "वहिनी, घरमा येक पेला पानी बी नही व्हतं का वं?"

रत्नाला मी फोन केला. म्हटले, "मी त्या वेळी घरात नव्हते. सिलिंडर बदलायला गेले होते." ती म्हणाली, "आई, आता खोटं नको बोलूस. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." तिने फोन ठेवला.

५. भूषण पुण्याला जाताना एक हार्ड डिस्क विसरून गेला. माझ्या मिक्सिंगच्या टेबलावर विसरला, याचे मला आजही नवल वाटते. तिच्यात पती गेले त्या सकाळचा न कापलेला शॉट आहे, अकरा मिनिटांचा. कॅमेरा स्टँडवर. खाटेजवळ स्टुलावर भरलेला पेला, तो मीच निघताना ठेवला होता. पती म्हणतात, "भूषण, पानी दे." भूषणचा हात आत येतो आणि पेला उचलतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, आता देईल. त्याने पेला कॅमेऱ्याच्या पुढ्यात आणून ठेवला आणि फोकस त्यावर घेतला. पती पुन्हा मागतात. आवाज भूषणचा आहे: "आबा, जरासा तसाच ऱ्हा. उजेड चांगला शे."

तिसऱ्यांदा ते मागत नाहीत.

पाण्याने ते वाचले नसते. डॉक्टरांनी तसे सांगितले होते, आणि मी ते मुद्दाम लिहिते, म्हणजे भूषणने मारले असे कोणी म्हणू नये. त्याने मारले नाही. त्याने चित्र चांगले घेतले. अकरा मिनिटांत ते एकदाही हलत नाही.

६. हे घर पतींनी २००९ साली माझ्या नावे घेतले. अर्धे रत्नाला, बिनशर्त. पोस्टातल्या ठेवीतून माझा खर्च भागवून उरेल ते तिलाच. उरलेले अर्धे घर कलम ८ प्रमाणे.

७. रत्ना, तो शॉट मी तुला फोनवर पाठवू शकले असते. एका बोटाचे काम होते. तीन दिवाळ्या गेल्या, मी पाठवला नाही. आईच्या शब्दावर तुझा विश्वास बसला नाही, पडद्यावर बसला. तर पडद्यावरच पाहा, आणि मी नसताना पाहा. पाहिल्यावर तुला माझ्याशी बोलावेसे वाटेल. तेव्हा मी नसेन. हे मी समजून उमजून ठरवले आहे.

८. माझ्या गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी, जेवणाआधी, सर्व नातेवाइकांसमोर तो शॉट पडद्यावर पूर्ण दाखवावा. संगीत लावू नये, कापू नये, पुढे पळवू नये. रुपचंद भाऊजींना पहिल्या रांगेत बसवावे. त्यांना अलीकडे कमी दिसते. भूषणची खुर्ची पडद्याशेजारी, लोकांकडे तोंड करून ठेवावी. लोक एकदा पडद्याकडे बघतील, एकदा त्याच्याकडे. कापणे-जोडणे त्यांचे ते करतील.

तो अकरा मिनिटे बसला, तर उरलेले अर्धे घर त्याचे. उठला, तर तेही रत्नाचे. मध्ये त्याने पाणी मागितले, तर रत्नाने उठून त्याला द्यावे. शॉट थांबवू नये.

९. व्यवस्थापक म्हणून ॲड. रोहिदास सोनवणे यांना नेमते. हार्ड डिस्क त्यांच्या कपाटात आहे. हे सर्व मी वाचून, पुन्हा वाचून, साक्षीदारांसमोर सही करत आहे. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: चाळीसगाव, जि. जळगाव
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

सही: भिकुबाई अमृत बोरसे

साक्षीदार:
१. अभिमन भटू देवरे, राहणार चाळीसगाव (सही)
२. सुलक्षणा दगडू वाणी, ग्रंथपाल, राहणार चाळीसगाव (सही)