एका वेळी एकच फ्रेम

मी, जिला सारी गल्ली 'फ्रेमवाली' म्हणते ती, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाचंही न ऐकता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. कोणाचंही न ऐकणं हा माझा मूळ स्वभाव असल्याने दडपणाचा संशय कोणी घेऊ नये.

कलम १. राहतं घर माझ्या एकुलत्या एका मुलाला. यात वादाचं काही नाही.

कलम २. धाकट्या दिरांना दुकानातली कुरकुरणारी खुर्ची. यजमान गेले तेव्हा दुकानात अर्धवट फोटोफ्रेमांचा ढीग होता आणि दारात गिऱ्हाइकं तणतणत होती. भावोजी त्याच खुर्चीत रेलून म्हणाले, "वहिनी, दुकान मला द्या, तुम्हाला झेपायचं नाही." मी दुकान दिलं नाही. फक्त चहाचं आधण ठेवलं की करवत पुसून खुंटीला अडकवायची, एवढंच सुरू केलं. ते अंगवळणी पडल्यावर ठरवलं, हातातली फ्रेम पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. तेही मुरलं, मग उद्याची काच आजच कापून ठेवू लागले. ढीग उपसला गेला. भावोजी अजून दुकानावर डोळा ठेवून आहेत, तर त्यांनी तो या खुर्चीत बसून ठेवावा.

कलम ३. दुकान, काच कापायच्या हिऱ्यासकट, मुलाला. पण एकदम नाही. पोरगा हुशार, पण त्याला सगळं एका सोमवारी बदलायचं असतं. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लावल्या, मोबाइलमध्ये शिट्ट्या भरल्या. ऐन काच कापताना मोबाइल ओरडला, 'पाणी प्या!' हा पाण्याकडे धावला आणि काच जमिनीकडे. मी हसले, तुम्हीही हसला असता. तो तणतणत गेला, नोकरी धरली, आणि पुन्हा दुकानात फिरकला नाही. म्हणून आधी त्याला फक्त कामाचा बाक मिळेल. तो रोज आवरायची सवय लागली की हत्यारं, त्यानंतर किल्ली. सवय लागली की नाही हे वकीलसाहेब ठरवतील. न जमल्यास दुकान भावोजींना जाईल आणि ते त्याचं गोदाम करतील, हे मुलाला पक्कं ठाऊक आहे.

कलम ४. ऑफिस सुटल्यावर मुलाने दुकानात येऊन घडीभर स्टुलावर बसावं. काम करू नये. हे कलम उद्यापासून लागू.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

"मी गेल्यावर तो येऊन बसला तर मला काय दिसणार, साहेब? मला त्याची आठवण आत्ता येते."

त्यांनी कलम राहू दिलं आणि नक्कल मुलाला धाडली.

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : डॉक्टर जिने चढू नका म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी
सही : फ्रेमवाली
साक्षीदार : १. तेच डॉक्टर (डोकं ठिकाणावर असल्याची खात्री करून)
२. शेजारचा शिंपी (खात्री नाही, तरी सही केली)

ता.क. मुलगा आला. दारातूनच म्हणाला, "आई, नुसतं बसायचं?"

"नुसतं."

"मग रोजची आठवण लावून ठेवतो." मोबाइल काढला, तो मी काढून घेतला. दुसऱ्या दिवशी शिट्टीशिवाय आला. काल आलाच नाही. आज आला, आणि चहा गार होईपर्यंत बसला.

वकीलसाहेब, बाकीची कलमं सध्या कपाटात ठेवा. त्याला ही सवय लागल्याखेरीज मला जाता यायचं नाही. आणि देवाची कृपा, पोरगा सवयीला फार हळू आहे.