चहाच्या डब्यावरची राजधानी

तीर्थस्वरूप जाऊबाईंच्या पायाशी,

धाकटीचा वाकून नमस्कार, कंबर परवानगी देईल तितका. इकडे सर्व क्षेम. तुमचे गुडघे कसे आहेत? दोन्हींची वेगवेगळी चौकशी करते आहे असं समजा, डावा जास्त मानी आहे हे मला ठाऊक आहे. चिरंजीव, सूनबाई आणि नातवंडं खुशाल असतील. हे पत्र हातात देऊन तुमचे धाकटे दीर दारात उभे असतील. टपालाला खर्च कशाला, हे नाहीतरी रिकामेच, म्हणून त्यांच्या हाती पाठवलं. (या हिशेबात कुठेतरी चुकतंय हे माझ्याही लक्षात आलं आहे. पण एकदा काटकसरीने प्रवास करायचा ठरवला की माणसाने मागेपुढे पाहू नये.) त्यांना बसवा, कपभर दूध द्या आणि तुमचं वाचून होईपर्यंत तोंड उघडू देऊ नका. कुठल्याही गोष्टीचा शेवट आधी सांगून टाकायची त्यांची खोड तुम्ही माझ्याआधीपासून सोसली आहे.

तर आम्ही राजधानी पाहिली. तुम्ही फोनवर म्हणालात ना, "माझं आता कुठलं होतंय, तूच जाऊन ये आणि मला सांग," म्हणून सांगते. पहिली गोष्ट ही की तुम्ही आला नाहीत ते फार बरं केलंत. आपण दोघी ओट्याशी उभ्या राहून चहाच्या डब्यावर जे बघत आलो, ते सगळं तिथे आहे. घड्याळाचा मनोरा आहे, लाल कौलांची कचेरी आहे, मागे डोंगर आहेत. पण डब्यावर जास्त बरं दिसतं, कारण डब्यावर वारा नाही. राहता राहिली ती मनोऱ्याच्या डाव्या अंगाची वस्तू. झाकण उघडताना तुमचा अंगठा रोज नेमका तिथे टेकायचा, त्याने रंग पार उडाला, आणि तेव्हापासून तुम्ही म्हणता ती गाय आहे आणि मी म्हणते तो दगड आहे. सासूबाई गेल्या, नणंदांची लग्नं झाली, घराच्या वाटण्या झाल्या, पण या वादाचा निकाल काही लागला नाही. मोठे भाऊजी गेल्यावर तुम्ही "चार दिवस मुलाकडे जाऊन येते" म्हणून निघालात तेव्हाही रिक्षातून डोकं बाहेर काढून "गायच आहे गं" म्हणालात. ते चार दिवस अजून चालू आहेत. निकाल लावायचाच म्हणून मी डबा शालीत गुंडाळून सोबत नेला होता.

प्रवासाची कथा अशी. सगळ्यात स्वस्त गाडी धरली. तुमचे दीर जन्मभर बसचे कंडक्टर, निवृत्त झाले तरी गाडीत बसत म्हणून नाहीत. दाराशी उभं राहायचं आणि लोकांना आत सरकायला सांगायचं, हेच त्यांचं पर्यटन. गाडीला तिचा स्वतःचा कंडक्टर होता, पण तो थोड्या वेळाने यांच्यावर कारभार सोपवून आमच्याच बाकावर, माझ्या शेजारी, घोरत पडला. घाटाच्या मध्यावर गाडी चहाला थांबली. मी टपरीवर गेले आणि म्हणाले, एक चहा, दोघींत. आपोआप तोंडातून गेलं. चहावाल्याने दोन पेल्यांत अर्धा अर्धा ओतला आणि माझ्या मागे पाहिलं. मग मीही मागे पाहिलं. (या वाक्यापाशी रेंगाळू नका, पुढे हसण्यासारखा भाग आहे.) दुसऱ्या बाई मागून येताहेत का, त्याने विचारलं. मी हो म्हणून मोकळी झाले. माझा अर्धा प्यायले. तुमचा टाकवेना आणि पिववेना. तो धरून मी तिथेच उभी, आणि इकडे तुमच्या दिरांनी माणसं चढलेली पाहून सवयीने गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. दोन थापा म्हणजे चला, एवढं कुठल्याही ड्रायव्हरला कळतं. गाडी सुटली. जन्मभर लोकांच्या बायका सांभाळून चढवणाऱ्या माणसाने स्वतःची तेवढी खाली ठेवली.

मला मग एका दुधाच्या गाडीवाल्याने घेतलं. कॅनच्या मध्ये बसून, मांडीवर डबा आणि हातात तो पेला धरून (परत करायचं भान कोणाला होतं), आडवाटेने मी बसच्याही आधी पोचले. स्टँडवर कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. बस आली. तुमच्या दिरांनी सगळ्यांना सावकाश उतरवलं, एका म्हाताऱ्यांची पिशवी काढून दिली, सगळ्यात शेवटी स्वतः उतरले आणि मला पाहून म्हणाले, "अगं, तू कधी उतरलीस?" मी गाडीत नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले ते लाँड्रीवाल्या बाईंमार्फत.

लाँड्रीवाल्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. गावातली सगळ्यात स्वस्त खोली त्यांची, लाँड्रीच्या बरोबर वर. खाली दिवसभर इस्त्र्या चालतात, त्यामुळे वरची जमीन तापलेली. बाहेर हाडं गोठायची आणि आत तळपाय शेकायचे. साबणाच्या वाफेने उशीसुद्धा धुतल्यासारखी ओलसर. एवढीशी राजधानी, सगळ्या खात्यांचे पडदे याच बाईंकडे धुवायला येतात. अर्थखात्याचे पडदे सगळ्यात विरलेले आहेत, आणि शिक्षणखात्याने दोन वर्षांत एकदाही धुवायला टाकलेले नाहीत. खालच्या गल्लीत शिंकलं तर वरच्या गल्लीतले मंत्री खिडकी लावून घेतात. अशी ही राजधानी. आम्ही फुकट दिसेल तेवढं सगळं पाहिलं. संग्रहालय बाहेरून पाहिलं, बाग कुंपणातून पाहिली, कारण जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस स्वतः तिकीट काढायला तयार नाही. पायऱ्या तर विचारू नका, शेजारच्या गल्लीत जायचं तरी चढून उतरायचं. प्रत्येक पायरीला मी म्हणायची, बरं झालं जाऊबाई आल्या नाहीत. इतक्या वेळा म्हणाले की लाँड्रीवाल्या बाईंनी विचारलं, या जाऊबाई आहेत तरी कोण. मी सांगायला बसले ते खालच्या इस्त्र्या थंड होईपर्यंत. तुम्ही मला पहिल्या दिवशी चुलीपुढून उठवून "तू बस, मला बघू दे, तुझे डोळे लाल झालेत" म्हणालात तेही सांगितलं, आणि माझी मोठी कढई तुमच्याकडे गेली तेही सांगितलं.

मग डबा घेऊन मी कचेरीच्या फाटकाशी गेले. चित्र ज्या बाजूने काढलंय ती जागा शोधायची होती. पहारेकऱ्यासमोर शालीतून डबा काढला, तर त्याने मला मागे सरकायला सांगितलं आणि स्वतः माझ्याहून लांब सरकला. आत काय आहे? म्हटलं, चहा. उघडून दाखवा म्हणाला. आता ते झाकण तुमच्या अंगठ्याखेरीज कोणाला दाद देत नाही. माझ्याने निघेना, त्याच्याने निघेना, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं तेव्हा एकदम उडालं आणि पूड त्याच्या गणवेशभर झाली. जाऊबाई, तो वास आला. सकाळचा, आपल्या दोघींचा, घरातली बाकीची माणसं उठायच्या आधीचा. मी त्या सरकारी पायरीवर बसले आणि रडले. मला तुमची आठवण येते, रोज येते, एकटीसाठी चहा टाकताना पाण्याचा अंदाज मला अजून येत नाही. पहारेकरी बिचारा समजला की पूड सांडली म्हणून बाई रडते. तो टोपीत गोळा करून द्यायला लागला.

तेवढ्यात आतले कारकून गोळा झाले. डबा हातोहात फिरला. खालचा मजला गाय म्हणाला, वरचा मजला दगड म्हणाला, आणि मग एक साहेब आले त्यांनी म्हैस म्हणून तिसराच पक्ष काढला. दुपारपर्यंत राज्यकारभार बंद. त्यांचं त्यांना रोज खिडकीतून दिसतं, पण बघितलेलं कोणीच नाही. शेवटी पडदे पोचवायला आलेल्या लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, अहो, हे आमच्या गच्चीवरूनच काढलेलं दिसतंय. चार दिवस ज्या गच्चीखाली मी झोपले तीच. मी एकटीच वर गेले. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारल्या, डबा डोळ्यांसमोर धरला. मनोरा मनोऱ्यावर बसला, कौलं कौलांवर बसली. डावीकडे पाहिलं. निकाल लागला.

असो. पाहण्यासारखं काही नाही ते सविस्तर कळवलं. प्रकृतीला जपा, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. तुम्ही आला नाहीत ते बरं झालं, असं वर जिथे जिथे लिहिलंय ते सोडून वाचा. सगळं खोटं आहे. तुम्हाला चुटपुट लागू नये म्हणून लिहीत गेले, मग मलाच इतकी लागली की पुढे सुधरेना. फार सुंदर आहे हो. संध्याकाळी मागचे डोंगर डब्यावर आहेत त्याच रंगाचे होतात. आपण म्हणायचो, कोणीतरी उगीच रंग ओतलाय. उगीच नव्हता.

ता. क. २. मी घरी परतलेले नाही. अजून त्याच खोलीत आहे. दुसरी खाट रिकामी केली आहे. दिरांची सोय खाली कपड्यांच्या खोलीत लागली आहे, दिवसा ते स्टँडवरच रमतात. जमीन तापते म्हणून वर तक्रार केली ना, परवा मी तिच्यावर पाय पसरून बसले आणि माझे गुडघे ऐकू लागले. तुमचा डावासुद्धा ऐकेल. आता गुडघ्याचं कारण चालणार नाही, आणि चिरंजीवांना म्हणावं, मुलांना चार दिवस त्यांची आई सांभाळेल. माझ्या चार दिवसांची लांबी मात्र तुमच्याच चार दिवसांइतकी धरा.

ता. क. ३. दीर पत्र द्यायला आलेले नाहीत, तुम्हाला न्यायला आलेले आहेत. गाय की दगड, ते त्यांना विचारू नका. त्यांना मी गच्चीवर नेलेलंच नाही, आणि मी पत्रात लिहिणार नाही. येऊन बघा आणि मग भांडा.

ता. क. ४. तुम्ही बाकावर नीट बसल्याशिवाय दिरांचा हात पत्र्याला लागू देऊ नका. चहावाल्याचा पेला त्यांच्याबरोबर दिला आहे, तो टपरीवर परत करा. तिथे उतरलात की तुमच्याही तोंडून एक चहा दोघींत असंच निघेल. माझा अर्धा हातात धरून उभ्या राहू नका. पिऊन टाका आणि गाडीत बसा.