न लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी तब्येत वहिनीकडून कळते. इथे ठीक आहे. तुझ्या भाचीची परीक्षा संपली, स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय आणि मी नेहमीसारखी दमलेली आहे, दमण्यासारखं फार काही केलेलं नसताना.

सोबत माझा जुना फोन पाठवते आहे. त्यात तुझा प्रोग्रॅम आहे. हे एक वाक्य लिहायला मला आठ महिने लागले.

तुझं घशाचं ऑपरेशन ठरलं, त्यात आवाज जाणार हे कळलं, तेव्हा मीच तुला बसवून तुझा आवाज रेकॉर्ड करून घेतला होता. दोनशे चाळीस वाक्यं. फोनवरचा चौकोन दाबला की तुझ्याच आवाजात वाक्य ऐकू येईल असं करून देते, म्हणाले होते. मग कळवलं, की कंपनी बाहेरचं काम करू देत नाही. ते खोटं होतं. कंपनीला मी विचारलंच नव्हतं.

अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आहे. स्वतःचा एकही लिहिलेला नाही. तुझं काम घेऊन बसले आणि सवयीने आधी चुकांचीच यादी केली. बॅटरी संपली तर? भलतंच वाक्य वाजलं तर? त्रेसष्ट निघाल्या, आणि प्रोग्रॅमची एक ओळही नव्हती. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या बाईंना यादी दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, बाळ जन्मायच्या आधीच नापास केलंस की त्याला!" मी हसले आणि चौसष्टावी चूक लिहिली. याला मी काटेकोरपणा म्हणत आले. भित्रेपणाच असावा बहुधा.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. "हल्ली पाटीवरसुद्धा लिहीत नाहीत गं. नुसती मान हलवतात. काल ड्रायव्हिंग स्कूलमधले त्यांचे शिकाऊ भेटायला आले, तर हे आत जाऊन बसले." दादा, गाडी शिकवताना बंद काचेतून तुझा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू यायचा.

त्या दिवशी पहिल्यांदा ती रेकॉर्डिंगं उघडली. तोवर धीरच झाला नव्हता. 'पाणी दे', 'दुखतंय', 'दार लाव.' एकोणिसाव्या वाक्यानंतर तू मलाच ओरडला आहेस: "किती वेळा तपासशील? गिअर टाक आता! उभ्या गाडीत बसून कुणी शिकलंय का?" मी रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं आणि लिहायला घेतलं.

तीन आठवडे, रोज ऑफिसच्या आधी तासभर. नऊच वाक्यं बसली आहेत. चौकोन घाईत दोनदा दाबला तर वाक्य दोनदा वाजतं. 'दुखतंय'चं शेवटचं अक्षर कापलं जातं. माहीत असून पाठवते आहे. नोकरीत असं मी कुणालाही करू दिलेलं नाही. बाकीच्या चुका तू काढ. मला राग येईल, पण दुरुस्त करीन.

आणखी एक. ऑपरेशन झाल्यापासून मी तुला एकदाही फोन केला नाही. तुला बोलता येत नाही, हे कारण सोयीचं होतं. येत्या रविवारी सकाळी दहाला करते. वहिनीला उचलू देऊ नकोस. तू उचल, सोबतचा जुना फोन त्याच्याजवळ धर आणि कुठलाही चौकोन दाब. 'दार लाव' म्हणालास तरी चालेल.

खोटं बोललेली, तरीही तुझीच,
धाकटी